सर्व्हर डाऊन, एसएलए ओके!

गेल्या महिन्यातला एक मंगळवार. सकाळचे साडेदहा. शहरातल्या एका दस्त नोंदणी कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर मी, बाबा आणि आत्या. आत्या खास नागपूरहून आलेली. वय ७४, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, पर्समध्ये आधार, पॅन, चार पासपोर्ट फोटो आणि बेसनाच्या लाडवांचा डबा. आजोबांच्या जुन्या टू रूम किचनमधला तिचा हिस्सा ती बाबांच्या नावे सोडणार होती. हक्कसोडपत्र! सह्या आदल्या दिवशी वकिलांकडे झालेल्या. आता फक्त साहेबांसमोर उभं राहायचं, फोटो, अंगठा, झालं. "पंधरा मिनिटांचं काम आहे हो," इति वकील. संध्याकाळच्या गाडीचं आत्याचं परतीचं रिझर्वेशनही काढून ठेवलेलं.

पावणेअकराला खिडकीतून आवाज आला, "सर्व्हर डाऊन आहे."

मला गंमत वाटली ती लोकांची. कुणी चिडलं नाही, कुणी "म्हणजे काय?" असं विचारलंही नाही. एकाने पेपर उघडला. नवीन लग्न झालेलं एक जोडपं चहा प्यायला सटकलं. एका एजंटने शांतपणे वडापाव काढला. आपल्या आईबाबांच्या पिढीला "साहेब जेवायला गेलेत" हे वाक्य जसं पाठ होतं, तसं आपल्याला "सर्व्हर डाऊन" पाठ झालंय. त्यावर अपील नाही! साहेब निदान कधीतरी जेवून परत यायचे.

सव्वाचारला सर्व्हर उठला. आमच्या आधी एकोणतीस टोकन. साडेपाचला आत्याला रिक्षात बसवून स्टेशनवर सोडलं. लाडवांचा डबा मात्र ती आमच्याकडे ठेवून गेली.

शनिवारी हे सगळं मी माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीला सांगत होते. ती हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे. 'सर्व्हिस डिलिव्हरी' असं काहीतरी तिच्या कार्डावर छापलेलं आहे. एका सरकारी क्लायंटसाठी दर महिन्याला एसएलए रिपोर्ट बनवणं हे तिचं काम (आमच्या त्या ऑफिसशी तिचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते). मला वाटलं, ती हळहळेल. ती कॉफी ढवळत म्हणाली, "साडेपाच तास ना? मग रिपोर्ट हिरवा असायलासुद्धा हरकत नाही."

हिरवा?! म्हणजे?

तर मंडळी, एसएलए. सर्व्हिस लेव्हल अॅग्रीमेंट. ऑफिसात हा शब्द आपण दिवसातून दहादा ऐकतो आणि 'आयटीवाल्यांचं काहीतरी' म्हणून सोडून देतो. फंडा सोपा आहे. सरकारी खात्यांचं बरंचसं सॉफ्टवेअर आता ऑफिसच्या कोपऱ्यातल्या धूळ खाणाऱ्या डब्यात राहत नाही. ते क्लाउडवर असतं, म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने. (क्लाउड म्हटलं की आपण उगाच आकाशाकडे बघतो. मायक्रोसॉफ्टचं 'सेंट्रल इंडिया' नावाचं क्लाउड २०१५ पासून आपल्या पुण्यात आहे!) भाड्याने घेतलं की करार आला. त्या करारात पुरवठादार लिहून देतो, की माझी सेवा महिन्यातून अमुक इतके टक्के वेळ चालू राहील. नाही राहिली तर माझ्या बिलातून तमुक इतकं कापा. हे लिहून देणं म्हणजे एसएलए.

केंद्र सरकारने क्लाउडच्या या योजनेला नाव दिलंय 'मेघराज'. नाव ठेवणाऱ्याला सलाम! इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय क्लाउड कंपन्यांची यादी करतं, त्यांच्या डेटा सेंटरचं ऑडिट होतं, सरकारी डेटा देशातच राहिला पाहिजे अशी अट असते, आणि खात्यांनी करार कसा करावा याच्या मार्गदर्शक सूचनाही आहेत. आपल्या महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये स्वतःचं पब्लिक क्लाउड धोरण आणलं. तेव्हा कागदावर बघाल तर सगळं जागच्या जागी आहे. मंत्रालयाच्या नमुना कलमांत सेवा चालू राहण्याची पातळी ९९.५ टक्के धरलेली आहे.

साडेनव्याण्णव टक्के! दहावीला मिळाले असते तर चौकात फ्लेक्स लागला असता.

आता मैत्रिणीने टिश्यू पेपर घेतला आणि पेन काढलं. ३० दिवसांचा महिना म्हणजे ७२० तास. त्याचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. तेवढा वेळ सिस्टिम झोपली तरी पुरवठादार पास. ९९.९ टक्के लिहिलं असेल तर ४३ मिनिटं. ९९.९९ असेल तर जेमतेम सव्वाचार मिनिटं. प्रत्येक नऊचा आकडा वाढवायला पैसे लागतात. दुसरं डेटा सेंटर लागतं, रात्रपाळीची माणसं लागतात. म्हणून सगळीकडे चार नऊ मागायला जाऊ नये, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं. ग्रंथालयाच्या वेबसाइटला कशाला हवेत चार नऊ?

"पण आमची साडेपाच तास बंद होती. म्हणजे नापास ना?"

"महिन्यावर मोजत असतील तर नापास. तिमाहीवर मोजत असतील तर?"

तिमाही म्हणजे २१६० तास. त्याचा अर्धा टक्का १० तास ४८ मिनिटं. म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, अख्खा एक कामाचा दिवस सिस्टिम बंद ठेवा, वर पावणेतीन तास शिल्लक! आकडा तोच, ९९.५. फक्त मोजायची पट्टी लांब केली.

आणि हे ७२० तास कुठले? त्यात रात्रीचे तीन आले, रविवार आला, दिवाळीची सुट्टी आली. आत्या काही रात्री तीनला अंगठा द्यायला जाणार नव्हती. ऑफिस दिवसाला आठ तास, महिन्याचे बावीस दिवस. म्हणजे खिडकी खरोखर उघडी असते ती फक्त १७६ तास. बंद पडण्याचे सगळे तास नेमके त्यातच पडले तर तुमच्या-आमच्यासाठी हा अर्धा टक्का नाही, दोन टक्के आहे. आणि ते पडतातही तेव्हाच. सिस्टिमवर लोड दुपारी बाराला येतो, पहाटे नाही.

आता २०२१ चा एप्रिल आठवा. २८ तारीख, दुपारचे चार. अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी कोविन उघडणार होतं. तुम्हीही फोन हातात घेऊन बसला होतात ना? मी तीन ब्राउझर उघडले होते. चार वाजले आणि ओटीपी गायब! देशभर बोंब झाली. थोड्या वेळाने सरकारकडून खुलासा आला, की चार वाजता किरकोळ अडचण आली होती, ती दूर झालीय, पोर्टल चालू आहे. आणि ते खोटं नव्हतं. त्या एका दिवसात सव्वा कोटीहून जास्त लोकांची नोंदणी झाली. एवढा लोड झेलला याचं कौतुक करायलाच हवं. पण महिन्याच्या सरासरीत चार वाजताची ती मिनिटं शोधून बघा. ४३,२०० मिनिटांत ती कुठे दिसणार? ज्या मिनिटाला अख्खा देश दारात उभा होता आणि ज्या मिनिटाला दारात कुत्रंही नव्हतं, दोघांची किंमत एसएलएत सारखीच.

माझा पारा चढलेला बघून मैत्रीण म्हणाली, "अगं, अजून तुला वगळायची यादी कुठे सांगितली?"

ही यादी म्हणजे करारातलं सगळ्यात मनोरंजक पान. ठरवून केलेलं मेंटेनन्स धरायचं नाही. खात्याच्या बाजूने काही बिघडलं तर धरायचं नाही. इंटरनेटची लाइन गेली तर ती दुसऱ्या कंपनीची, धरायची नाही. नैसर्गिक आपत्ती धरायची नाही. एवढं वजा करून जे उरतं ते डाऊनटाइम. काही गोष्टी रास्तच आहेत. जेसीबीने केबल तोडली तर क्लाउडवाल्याने काय करावं? पण बाकड्यावर बसलेल्या माणसाला लाइन गेली काय, डेटाबेस गेला काय, त्याचा दिवस गेला हे एकच दिसतं.

इथे तिने टिश्यूची दुसरी बाजू वापरली. समजा एका दस्तासाठी पाच गोष्टी चालू लागतात. क्लाउड, त्यावरचं सॉफ्टवेअर, ऑफिसची लाइन, पैसे भरायची यंत्रणा आणि ओळख पटवायची यंत्रणा. पाचही वेगवेगळ्या लोकांच्या, पाच वेगवेगळे करार, प्रत्येकाचा वायदा ९९.५. प्रत्येक जण आपापल्या वेळी बंद पडला, तर पाचही एकदम चालू असण्याचं प्रमाण येतं साडेसत्त्याण्णव टक्के. म्हणजे महिन्याला जवळजवळ १८ तास काही ना काही बंद. आणि पाचही रिपोर्ट हिरवेगार! कुणीच चुकलेलं नाही. कुणालाच दंड नाही.

मी ते टिश्यू घरी आणलंय. फ्रिजवर लावलंय.

तुमच्यापैकी सपोर्टमध्ये असणाऱ्यांना पुढची गंमत माहीतच असेल. तिकिटाचं घड्याळ! 'सिव्हिअॅरिटी वन' तिकिटाला पंधरा मिनिटांत रिस्पॉन्स, असं लिहिलेलं असतं. रिस्पॉन्स म्हणजे दुरुस्ती नव्हे हो. "आम्ही बघतो आहोत" हा मेल म्हणजे रिस्पॉन्स. आणि दुरुस्तीचं घड्याळ फार पुढे जायला लागलं की तिकीट टाकायचं 'युजरकडून माहितीची प्रतीक्षा' मध्ये. घड्याळ थांबलं! "स्क्रीनशॉट पाठवा" असा एक मेल टाकला की जेवून येता येतं. माझ्या मैत्रिणीने हे सांगताना नजर थोडी चोरली. मी काही बोलले नाही. मीही डेडलाइन चुकवताना संपादकांना "कोट येतोय, त्याची वाट बघतेय" असं कळवलेलं आहे.

बरं, हा डाऊनटाइम मोजतो कोण? बऱ्याचदा पुरवठादाराचंच मॉनिटरिंग टूल. उंदराच्या साक्षीला मांजर! यात लबाडीच असते असं नाही. २८ फेब्रुवारी २०१७ ची गोष्ट. अॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या एस थ्री या स्टोरेज सेवेत एका तंत्रज्ञाने दुरुस्ती करताना कमांड चुकीची दिली, हवे होते त्यापेक्षा जास्त सर्व्हर बाजूला झाले, आणि चारेक तास असंख्य वेबसाइट्स लटकल्या. पण कंपनीच्या स्टेटस पानावर दिवे हिरवेच. का, तर ते पान बदलायची सोयच एस थ्रीवर अवलंबून होती! कंपनीने हे नंतर स्वतःच जाहीर केलं, हा त्यांचा मोठेपणा. मुद्दा काय, तर जे आजारी आहे त्यालाच थर्मामीटर धरायला दिलं की असं होतं.

सेवा बंद पडणं एक वेळ परवडलं. डेटाच गेला तर? एसएलएमध्ये त्यासाठी दोन आकडे असतात. आरटीओ (आपलं लायसन्सवालं नाही!), म्हणजे बंद पडल्यावर किती वेळात उभं करणार. आणि आरपीओ, म्हणजे उभं केल्यावर शेवटच्या किती वेळाचा डेटा गेलेला चालेल. दोन्ही आकडे रटाळ वाटतात. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात, देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. जगात सगळ्यात हायटेक सरकार म्हणून मिरवणारा देश, आणि ७०९ सरकारी सिस्टिम बंद. त्यातल्या बाकीच्या हळूहळू उभ्या राहिल्या. पण सरकारी कर्मचारी आपल्या फायली जिथे ठेवायचे तो 'जी ड्राइव्ह' जळाला तो जळालाच. ८५८ टेराबाइट. त्याचा दुसरीकडे बॅकअपच नव्हता. एवढ्या अजस्र साठ्याचा घेणं जमत नव्हतं म्हणे. तो ड्राइव्ह काही बाहेरच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेला नव्हता, सरकारचा स्वतःचाच होता. स्वतःच स्वतःला सेवा द्यायची तर करार कोण कुणाशी करणार आणि दंड कोण कुणाला मारणार? म्हणून 'हे सगळं सरकारने स्वतःच चालवावं' म्हणणाऱ्यांशी माझं तेव्हापासून फारसं जमत नाही. निदान करार असला की कुणीतरी कुणालातरी विचारतं.

फक्त त्या करारात आत्या कुठे आहे?

करार खात्याचा आणि कंपनीचा. कंपनी चुकली तर खात्याचं बिल कमी होतं. पैसे वाचले खात्याचे, दिवस गेला आत्याचा. तिचं तिकीट, बाबांची रजा, त्या नव्या जोडप्याची रजा, यातलं काही कुठल्याच एक्सेल शीटमध्ये येत नाही. गंमत बघा, नागरिकाशी केलेला एक एसएलए आपल्याकडे आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा, २०१५. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे. नाही मिळाली तर अपील करा, आणि कारण नसताना उशीर केला असेल तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. छान कायदा आहे. पण मैत्रिणीने एका वाक्यात हवा काढली, "आणि त्याने 'सर्व्हर डाऊन होता' हे कारण सांगितलं तर?" म्हणजे एका कायद्यात खिडकीतला माणूस बांधलेला, दुसऱ्या करारात मशीनवाला बांधलेला, आणि दोघांच्या मधल्या फटीत बाकडं.

उलट आत्यावर मुदत आहे बरं का. अगदी कडक! नोंदणी कायद्यानुसार दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला सादर करावा लागतो. नंतर गेलात तर दंड, तोही नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. त्या चार महिन्यांत सर्व्हर किती तास झोपला होता ते वजा होत नाही. तिच्या घड्याळाला 'प्रतीक्षा' हे बटणच नाही.

मी मैत्रिणीला विचारलं, की तू करार लिहायला बसलीस तर काय करशील? ती आयटीवाली, तिचं उत्तर तयार होतं. मोजमाप डेटा सेंटरच्या आत नको, खिडकीवरच्या कॉम्प्युटरवरून करायचं. दर पाच मिनिटांनी एक खोटा दस्त सिस्टिममध्ये ढकलून बघायचा, गेला तर चालू, अडकला तर बंद, मग कारण कुणाचंही असो. हिशेब ऑफिसच्या वेळेचा, महिन्याचा, तिमाहीचा नाही. शेवटच्या तारखांना दंड जास्त. आणि पाच कंपन्यांच्या वर एक कुणीतरी, ज्याची मान सगळ्यासाठी पकडता येईल. "महाग पडेल," ती म्हणाली, "पण जमतं. बँका करतात."

मी त्यात माझं एक टाकलं. तो रिपोर्ट ऑफिसच्या दारावर लावायचा. हिरवा असो की लाल. रेल्वे नाही का उशिराची घोषणा करत? गाडी वेळेवर येत नाही, पण निदान किती उशीर आहे हे आपल्याला कळतं, चहा घ्यायचा की परत जायचं ते ठरवता येतं. तिला हे फारसं आवडलं नाही. "म्हणजे लोक माझा रिपोर्ट वाचणार?" तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरं टेन्शन दिसलं.

तर गेल्या सोमवारी मी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. त्या ऑफिसच्या सिस्टिमचा एसएलए काय आहे, मोजमाप महिन्यावर की तिमाहीवर, त्या मंगळवारचा डाऊनटाइम किती धरला, आणि बिलातून किती रुपये कापले. चार प्रश्न, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि पाठवला पोस्टाने. ऑनलाइनही करता आलं असतं. नको म्हटलं. उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस आहेत. उत्तर आलं की या पानावर सांगेनच.

आत्याने पुढच्या महिन्याचं तिकीट काढलंय. या वेळी परतीचं तीन दिवसांनंतरचं. काल फोनवर विचारत होती, "काय गं, तुमचा तो सर्व्हर बरा आहे ना आता? आणि डबा रिकामा झाला असेल तर धुवून ठेव, येताना चिवडा आणते. बाकड्यावर बसून खायला बरा."